बाटली धुऊ नका

हेमाताई,

तू आकडा न सांगता गेलीस.

पोशेऱ्याला तुझ्या घरासमोर फ्लेक्स लागला आहे. त्यावरचा फोटो कुणी निवडला माहीत नाही. त्यात तू चष्मा काढून हसते आहेस, आणि चष्म्याशिवाय मी तुला कधी पाहिलंच नव्हतं. खाली नेहमीची ठरलेली ओळ. माणसं येत होती, तुझ्या आईजवळ बसत होती, चहा घेऊन उठत होती. मी एका कडेला उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता: किती? तुझी आई रडत असताना मला हाच प्रश्न सुचत होता, आणि त्याची मला लाज वाटली नाही. तुलाही वाटली नसती. तू म्हणाली असतीस, "उद्या सांगते, बाय."

तो उद्या कुठे आहे, ताई?

आपली ओळख जव्हारच्या एसटी स्टँडवर झाली. मी पत्रकं वाटत होते. 'झऱ्यात विष, कचेरी गप्प' असा मथळा होता, अक्षरं एवढी ठळक की रस्त्यापलीकडून वाचता यावीत. पत्रक हातात घेतल्यावर माणसं काय करतात हे मला लहानपणापासून पाठ आहे. घडी घालतात, पुढे जातात आणि गाडीवर भजी घेतली की त्याच कागदात बांधून घेतात. तू मात्र बॅग खाली ठेवलीस, सगळं पत्रक वाचलंस, मागची कोरी बाजूसुद्धा उलटून पाहिलीस. मग परत माझ्याकडे आलीस.

"किती?"

"काय किती?"

"विष. किती आहे झऱ्यात?"

"भरपूर आहे."

"भरपूर हे मोजमाप नाही, बाय."

मी तडकले. "तुम्ही त्या बागवाल्याकडच्या का?"

"मी पोशेऱ्याची. नाशिकला लॅबमध्ये मोजायचं काम करते. आणि अहोजाहो नको करूस, भांडायला अडचण होते."

त्या दिवसापासून मी तुला अरेतुरे करायला लागले आणि आपण भांडायला लागलो. दोन्ही अजून चालूच आहे, निदान माझ्या बाजूनं.

तुला माझ्यातलं काय खटकायचं ते मला माहीत होतं. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा ती लिहायचे, आई सायकलवरून वाटायची, आणि उरलेल्या गठ्ठ्यावर बसून मी अभ्यास करायचे. 'जाहीर निषेध' हे शब्द मला स्वतःच्या नावाआधी लिहिता यायला लागले, असं बाबा सांगतात. थोडं वाढवून सांगत असतील. पण पत्रकाची भाषा माझ्या अंगात आहे हे खरं. पत्रकात 'कदाचित' नसतं. 'पुन्हा एकदा बघून घेऊ' हे वाक्य मी कुठल्याच पत्रकात वाचलेलं नाही. आणि तू बोलायला तोंड उघडलंस की पहिल्यांदा हेच वाक्य बाहेर पडायचं.

जामसरकडच्या त्या पाड्याच्या वर झरा आहे, आणि झऱ्याच्या वर बाग. शहरातल्या कुणा माणसानं तिथल्या उतारावर आंब्याची कलमं लावली. मोहोर आला की तुडतुडे पडतात, तुडतुडे पडले की फवारणी. फवारणारे हात पाड्यावरचेच. जनीबायचा थोरला मुलगा रोजावर जायचा, पाठीला पंप लावून दिवसभर फवारायचा आणि सुट्टी झाली की तो पंप झऱ्याच्या धारेतच धुवायचा, कारण बागेत पाण्याची दुसरी सोय नव्हती. जनीबाय मला म्हणाली होती, "फवारला का पानी कडू लागतो. मंग पोरा पित नाहीत, आमी पितो." तिच्या या एका वाक्यावर मी ते पत्रक लिहिलं होतं. तुझ्या मते एका वाक्यावर पत्रक निघू शकतं, अहवाल निघत नाही.

फवारायच्या त्या पदार्थाला पाड्यावर सगळे 'औषध' म्हणतात. मी त्याला विष म्हणायचे. तू दोन्ही शब्द वापरायची नाहीस, रसायनाचं लांबलचक नाव घ्यायचीस आणि मला ते पाठ करायला लावायचीस. "शिवी देण्याआधी नाव तरी नीट घे," असं तुझं म्हणणं. त्यावर माझं उत्तर तयार होतं, पण तेव्हा एसटी सुटली आणि ते राहिलं. आता इथे देते. ज्या बायका ते पाणी पितात त्यांना ते नाव उच्चारता येत नाही, ताई. त्यांना कळेल असा शब्द वापरणं म्हणजे शिवी देणं नाही.

तू लॅबमधून बाटल्या पाठवल्यास. तपकिरी काचेच्या, स्वच्छ, थर्माकोलच्या खोक्यात, सोबत बर्फाच्या पिशव्या. तू फोनवर सांगितलंस की मीच झऱ्यावर जाऊन बाटल्या भराव्यात. मी ऐकलं नाही. लोकांच्या पाण्याचा पुरावा लोकांच्याच हातानं भरला पाहिजे, हे माझं तत्त्व होतं आणि आहे. आणि मोजायचं तर हंड्यातलं, जे खरंच पोटात जातं ते. तू जरा विचार करून म्हणालीस, "हे मात्र बरोबर आहे. हंड्यातलंच घे." मी खोकं घेऊन पाड्यावर गेले, आदल्या दिवशी घराघरात बाटल्या दिल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेल्या गोळा केल्या आणि नाशिकच्या गाडीत बसले. मला वाटलं होतं की येताना आकडा घेऊनच येईन.

तुझ्या लॅबमध्ये तेव्हा द्राक्षांचा हंगाम होता. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांवर औषधाचा किती अंश आहे ते तपासून मगच कंटेनर सुटतात. टेबलांवर द्राक्षांच्या पिशव्यांचे ढीग, मिक्सर चालू, सगळीकडे आंबूस गोड वास. जनीबायचं पाणी तू तुझ्या सुट्टीच्या दिवशी मशीनवर लावणार होतीस, तेही मालकाला विचारून, दोन द्राक्षांच्या मधल्या फटीत. मी तिथेच भाषण सुरू केलं. परक्या देशातल्या माणसाच्या द्राक्षासाठी मशीन दिवसरात्र चालतं आणि जव्हारच्या बाईच्या पाण्याला रविवारी जागा मिळते, हे तुला चालतं कसं? तू पिपेट हातात धरून म्हणालीस, "चालत नाही. म्हणून तर रविवारी येते. आता जरा बाजूला सरक, उजेड अडवतेस."

मग तू मला मशीन दाखवलंस. मास स्पेक्ट्रोमीटर, नाव ऐकूनच छाती दडपावी असं. तुझ्या तोंडी ते सोपं व्हायचं. बारीक सुईतून पाणी पुढे ढकलायचं, सुईला विजेचा मोठा दाब द्यायचा, म्हणजे टोकाशी इतके बारीक तुषार उडतात की धूर वाटावा. थेंब सुकतात, आतल्या रेणूंवर विजेचा भार चढतो, आणि मशीन त्यांना वजनावरून एकेक वेचून काढतं. जितके रेणू पोचले, तितका पडद्यावर सुळका उंच. एकाच बाटलीतलं पाणी तीनदा सोडलं तर तिन्ही वेळा सुळका तेवढाच यायला हवा.

आपला येत नव्हता. एकाच बाटलीचे तीन सुळके तीन उंचीचे. पुढची बाटली लावली तर सुळका जवळजवळ झोपलेला.

"आहे ना पण!" मी पडद्याला बोट लावून ओरडले. "हे बघ, दिसतंय! विष आहे!"

"आहे," तू म्हणालीस. "किती आहे ते माहीत नाही. आणि काचेला बोट लावू नकोस."

त्यानंतरचे आठवडे मी तुला रोज फोन करत होते आणि तू रोज मला एक नवी भानगड सांगत होतीस. आधी तुझा संशय द्राक्षांवर होता. त्यांच्या साखरेचा चिकटा मशीनच्या तोंडाशी बसला असेल म्हणून तू ते तोंड खोलून घासलंस, सुई बदललीस. सुळका थोडा सुधारला, थांबला नाही. मग पंपाच्या जोडाला टिश्यू पेपर लावून पाहिलास, तर तो ओला झाला. तिथे गळती होती. ती काढलीस. नळीत हवेचा बुडबुडा होता, तो काढलास. द्रावणं नवी केलीस, नायट्रोजनचा दाब तपासलास. शेवटी एक दिवस तुझा आवाज आनंदी होता. "मशीन ठणठणीत झालं. शुद्ध नमुना दिवसभर सोडला, सुळका हलत नाही."

"मग आकडा?"

"पाड्याच्या बाटल्या लावल्या की पुन्हा नाचतो."

मला वाटलं मी फोन भिंतीवर आपटते की काय.

तू मला जुळ्याची गोष्ट सांगितलीस ती तेव्हाचीच. प्रत्येक बाटलीतल्या पाण्यात तू त्याच रसायनाचा एक जुळा भाऊ मोजून घालायचीस, वागायला अगदी तसाच, फक्त वजनाला थोडा जड, म्हणजे मशीन दोघांना वेगळं ओळखतं. जुळा सगळीकडे सारखाच घातलाय, तर तो सगळीकडे सारखाच दिसला पाहिजे. तो एका बाटलीत अर्धा दिसत होता, दुसरीत जेमतेम. म्हणजे पाण्यात आणखी काहीतरी होतं, जे सुईच्या टोकाशीच दोघांचा गळा दाबत होतं. लॅबच्या पाण्यानं भरलेली एक बंद बाटली तू खोक्यात सोबत पाठवली होतीस, ती माझ्याबरोबर पाड्यावर जाऊन आली होती. ती अगदी सरळ वागत होती. म्हणजे बाटल्याही चांगल्या आणि प्रवासातही काही झालेलं नाही.

मी तेवढ्यात हिशेब मांडला. मी काही अगदीच अडाणी नाही. "दोघांचा गळा सारखाच दाबला जातोय ना? मग दोघांचं गुणोत्तर काढ. झाला आकडा."

"गुणोत्तर काढायला दोघं जिवंत लागतात, बाय. काही बाटल्यांत दोघंही मरणाला टेकलेत. तिथे गुणोत्तर काढलं तर जे हवं ते निघेल."

"मग जे हवं ते काढ!"

तू म्हणालीस, "पाणी पातळ करून पाहिलं. गळा सुटतो, पण मग आपला सुळका इतका लहान होतो की नुसत्या खरखरीत हरवतो. मला शोधू दे."

आणि तू कागद पाठवलास. सिग्नल अस्थिर, प्रमाण निश्चित करता येत नाही. खाली तुझी सही, नेहमीसारखी वळणदार.

तो कागद घेऊन मी कचेरीत बागेविरुद्धच्या सुनावणीला उभी राहिले, ताई. त्या दिवसाबद्दल तुला मी सगळं सांगितलेलं नाही. पाड्यावरून बायका रोज बुडवून आल्या होत्या. साहेबांनी कागद वाचला आणि विचारलं, "प्रमाण किती?" मी म्हटलं, पदार्थ सापडलेला आहे. ते म्हणाले, "ते झालं, पण किती?" बागवाल्याचा माणूस कोपऱ्यातून हसत म्हणाला, "त्यांच्या मशीनलाच ठरवता येईना, साहेब. आणि पंप तर यांचीच पोरं धुतात झऱ्यात." जनीबायनं मान खाली घातली. तिच्या मुलाबद्दल बोलत होता तो. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यामुळे तर जास्त चीड आली. ते म्हणाले, आकडा आणा, मग बोलू. बाहेर आल्यावर एक म्हातारी मला म्हणाली, "पत्रकवाली, तुझ्या बाईला येवडा मशीन असून पानी मोजता येत नाय?" एसटीच्या मागच्या सीटवर बसून मी तुला मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फोनवर मी जे बोलले ते तू ऐकलंसच. तू घाबरट आहेस, मशीनच्या आड लपतेस, पोशेऱ्याची असून नाशिकची झालीस. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "शिमग्याला घरी येणार आहे. पाड्यावर ने मला."

शिमग्याची होळी नुकतीच होऊन गेली होती. पाड्यावर अजून माणसं अंगणात बसलेली, कुणाच्या कपाळावर राख. जनीबायच्या ओट्यावर तू मांडी घालून बसलीस आणि तिच्याशी नागलीच्या पेरणीबद्दल बोलायला लागलीस. मी चुळबुळ करत होते. आपण पाण्यासाठी आलो होतो आणि तू नागली काढून बसली होतीस.

जनीबायनं फळीवरचा पेला काढला. पितळेचा, लख्ख, त्यात तोंड दिसावं असा. तो घेऊन ती चुलीपाशी गेली, चिमूटभर राख घेतली आणि तो धुतलेला पेला पुन्हा घासायला लागली. आतून, बाहेरून, काठाला बोट फिरवून. मग जेमतेम ओंजळभर पाण्यात खळबळला आणि हंड्यातून भरून तुझ्यासमोर धरला.

तू पेला घेतला नाहीस. तिच्या हाताकडे बघत राहिलीस.

"जनीबाय, पेला तर धुतलेला होता."

"पाहुन्याला देयाचा तं पुन्ना धुवाया नको?"

"आणि त्या बाटल्या? या पोरीनं दिलेल्या?"

"त्या तं लईच घासल्या!" जनीबायचा चेहरा फुलला. "आपला पानी मोठ्या हापिसात जायाचा. राख घातली, वडीचा साबन घातला, भाताचा तूस घातला, मंग हालवली, हालवली. बारीक तोंडाची बाटली, हात जात नाय. शेजारनीनं नुसती राख घातली. ती तशीच हाय, आळशी."

शेजारीण कुडापलीकडून ओरडली, "माझी बाटली तुझ्यापेक्षा चकाकत होती, गो!"

"आणि धुतल्यावर खळबळायला पाणी किती घेतलं?" तू विचारलंस.

"किती म्हंजे? झरा का दारात हाय? यक डाव फिरवली नि टाकली."

तू हसायला लागलीस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस, आणि तुझं हसणं बघून जनीबाय हसली, कुडापलीकडची शेजारीणही हसली. मी एकटी दगडासारखी बसून होते. साबण. कचेरीत माझं तोंड बंद झालं ते साबणामुळे. साबणाचा नुसता वास राहिला तरी तो सुईच्या टोकाशी तुषार नीट उडू देत नाही, राखेतले क्षार वेगळाच गोंधळ घालतात, हे तू मला परतीच्या वाटेवर समजावलंस. घरागणिक धुण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून बाटलीगणिक सुळका वेगळा. "सगळं मशीन उसवून बसले," तू म्हणालीस. "आणि माझी आईही असाच पेला घासते. नाशिकला राहून मी बाटलीला नुसती बाटली समजायला लागले."

पण त्याआधी, ओट्यावर, तू तो पेला हातात घेतलास आणि प्यायलीस. सगळा. मी मात्र प्यायले नाही. मी जनीबायला सांगितलं की या पाण्यात विष आहे, मी ते पिणार नाही, आणि तुम्हीही पिऊ नका. तिनं माझा पेला परत हंड्यात ओतला.

वाटेवर मी तुझ्यावर तुटून पडले. तुला त्यात काय आहे ते माहीत होतं, तरी प्यायलीस?

"दिलेलं पाणी परत कसं करायचं?"

"हे तर तू त्यांनाच सांगतेस, की पिण्यात काही वाईट नाही!"

"एका पेल्यानं मला काही होत नाही. ती रोज पिते, त्याचं बघू. आणि तू तिला पिऊ नको म्हणालीस, पण मग काय पिऊ ते सांगितलंस का?"

खालची विहीर आहे, मी म्हटलं. तू मागे वळून ती वाट पाहिलीस. चढण उभी आहे, डोक्यावर हंडा असला की मध्ये टेकायला जागा नाही. तू एवढंच म्हणालीस, "म्हणून आकडा पक्का हवा. एवढं चढायला लावायचं तर." हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. मला अजूनही वाटतं की तू तो पेला प्यायला नको होतास. आणि मला हेही दिसतं की जनीबाय त्या दिवसापासून तुला 'आपली बाय' म्हणते आणि मला पत्रकवाली.

त्याच दिवशी तू दुसऱ्या बाटल्या स्वतःच्या नजरेसमोर भरून घेतल्यास. जनीबायच्या हातानंच, पण न धुता. आणि पुन्हा द्राक्षांच्या फटीत त्यांची पाळी यायची वाट बघत बसलीस. शेवटी फोन आला. तुझ्या आवाजात शिट्टी वाजवण्याआधीचा श्वास होता.

"उभा राहिला."

"काय?"

"सुळका. प्रत्येक बाटलीत. जुळा सगळीकडे सारखा. हलत नाही, बाय, खिळा ठोकल्यासारखा उभा आहे."

"किती?"

"उद्या पुन्हा सोडते. दोन्ही दिवशी तोच आला की सांगते, सहीसकट."

"आज सांग ना! मी छापणार नाही."

"तू छापशील," तू म्हणालीस आणि हसलीस. तुझा घसा बसलेला होता. थोडा ताप आहे, म्हणालीस.

पुढचं मी लिहीत नाही. तुझ्या आईला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुझ्या हाताखाली काम करणाऱ्या रश्मीनं परवा फोन केला. ती म्हणाली, "ताई, त्या दिवसाचा डेटा कॉम्प्युटरवर आहे. पण एकदाच सोडलेला. मॅडम पुन्हा सोडणार होत्या. बाटल्या आता फार दिवसांच्या झाल्या, मॅडमनीच त्या नाकारल्या असत्या. मी सही करू शकत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण आकडा मला दिसतोय. सांगू?"

तुला काय वाटतं, मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, सांग.

मी तो ऐकला आहे, हेमाताई. तो इथे लिहीत नाही. कुठेच लिहिलेला नाही, बाबांनासुद्धा सांगितलेला नाही. माझ्यासारखीनं हातात आकडा असताना तो न छापणं म्हणजे काय, ते तुला कळलं नसतं. घासात खडा आला आहे आणि तो गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही, असं चाललंय. तुझा मला भयंकर राग येतो. त्या दिवशी तू तो सांगितला असतास तर मी छापला असता, आणि बागवाल्याच्या माणसानं विचारलं असतं, किती वेळा मोजला? मी म्हटलं असतं, एकदा. तो पुन्हा तसाच हसला असता. हे मला आता समजतं. समजून राग कमी होत नाही, कारण तुझ्या त्या 'उद्या'मध्ये जनीबाय तेच पाणी पीत होती आणि आजही पिते आहे. तू बरोबर होतीस. ती तहानलेली होती. या दोन वाक्यांचं काय करायचं ते तू मला शिकवलं नाहीस.

द्राक्षांचा हंगाम संपला. मशीन आता मोकळं आहे. रश्मी म्हणते, ताज्या बाटल्या आणा, मी दोन दिवस सोडते, सही करते, मालकांशी मीच बोलते. तुझ्या हाताखाली ती हट्टी झाली आहे, त्याबद्दल तुझे आभार. मलाही तू तशीच केलीस, त्याबद्दलही मानते, पण जरा दातओठ खाऊन.

तेव्हा मी पत्रक काढलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक, ज्यात निषेध नाही, धिक्कार नाही, चले जाव नाही. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "हे काय, पाककृती?" वर मोठ्या अक्षरात लिहिलंय: बाटली धुऊ नका. खाली: ही बाटली आधीच धुतलेली आहे. राख, साबण, तूस काहीही घालू नका. आतून बोट फिरवू नका. हंड्यातलं पाणी जसं आहे तसं भरा, काठोकाठ. तुमच्या घराच्या स्वच्छतेबद्दल कुणालाही शंका नाही. शेवटचं वाक्य तू घातलं असतंस म्हणून घातलंय. तुला शब्दांतलं फार कळायचं नाही, पण माणसांना कशाचा अपमान वाटतो ते कळायचं.

काल पाड्यावर गेले. जनीबायच्या मुलानं तिला पत्रक वाचून दाखवलं. तो आता पंप धुवायला खाली ओहोळापर्यंत जातो, मी न सांगता. ऐकून जनीबाय म्हणाली, "आनि खालच्या इहिरीवर जायाचा का? किती हाय झऱ्यात, ठरला का?"

"अजून नाही," मी म्हटलं. ताई, तो आकडा मला पाठ होता.

"ठरला नाय तं मंग झरा सोडू कसा? ती चढन बगितली का तू?"

"बघितली. या वेळी ठरेल."

"आपली बाय कदी येनार?"

मी सांगितलं. ती आत गेली आणि चुलीपाशी बसलेली मला दिसली. सवयीनं तिचा हात राखेकडे गेला होता, बाटली दुसऱ्या हातात. तिनं हात मागे घेतला, पदराला पुसला, आणि हंड्यावर वाकून बाटली तशीच भरली, काठोकाठ.

ती माझ्या हातात देताना तिनं तोंड फिरवलं, पाहुण्याच्या ताटात शिळं वाढावं लागलं तर बाई जसं फिरवते तसं.

बाटली मी बर्फात ठेवली. न धुतलेली, ताई. तुला हवी होती तशी.